ब्रान्दुरच्या हातचं पाणी

"झालं का रे?" ऑडनीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

ब्रान्दुर तिच्या परसातल्या कुंडाच्या काठाशी गुडघे टेकून बसला होता. लोकरी स्वेटरची बाही वर सारलेली, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात, आजूबाजूला ढोपरभर बर्फ. त्याने डोळे मिटले, वैद्य नाडी बघतो तशी मान जराशी तिरकी केली आणि थोडा वेळ जाऊ दिला.

"एकोणचाळीस," तो म्हणाला.

"नुसते की वर काही?"

"नुसते."

ऑडनीने खिडकी लावून घेतली. ब्रान्दुरने हात बाहेर काढून पुसला, बाही खाली ओढली. हात पाण्यात होता हे त्याला दिसत होतं, म्हणून माहीत. एरवी तो पाण्यात होता, की बर्फात, की शेजाऱ्याच्या खिशात, त्याला काडीचा पत्ता लागला नसता.

ह्वेराबाक्की गावात घरं चाळीस आणि परसातली कुंडं एकतीस. जमिनीच्या पोटातून उकळतं पाणी येतं, नळाला येईतो अठ्ठ्याहत्तर अंश उरतं. गार पाणी डोंगरावरून येतं, ते असं गार की दातांची मुळं हलावीत. या दोघांचं लग्न लावून माणसाला बसता येईल असं पाणी करायचं, हे ब्रान्दुरचं काम. चाळीस वर्षं त्याने तेच केलं. खड्डा खणायचा, खडी अंथरायची, कुंडाचं भांडं पातळीत बसवायचं, निचऱ्याला उतार द्यायचा. मग दर आठवड्याला भांड्यावरचा पांढरा थर घासायचा, जाळीतले केस काढायचे, आणि ज्यांना स्वतः जमत नाही त्या म्हाताऱ्यांची कुंडं भरून द्यायची. वापरलं की पाणी सोडून द्यायचं, उद्या नवं. पाण्याला तिथे काय तोटा!

थर्मामीटर त्याने कधी वापरला नाही. बोटं बुडवायचा आणि आकडा सांगायचा. एकदा राजधानीतून एक इंजिनियर पेटीभर यंत्रं घेऊन आला. यंत्र म्हणालं साडेअडतीस, ब्रान्दुर म्हणाला अडतीस. इंजिनियर हसला. ब्रान्दुर म्हणाला, यंत्राची बॅटरी बदल. बदलली, तर अडतीस. त्या दिवशी सगळ्या गावासमोर ब्रान्दुरने दुकानातला एक थर्मामीटर विकत घेतला आणि पुलावरून नदीत भिरकावला. पुढच्या उन्हाळ्यात पाद्र्याने एक ट्राउट धरला, चिरला, तर पोटात तो थर्मामीटर, आणि पारा बरोबर चारावर. पाद्री खोटं बोलत नाही, निदान माशांबद्दल तरी क्वचितच.

दुसरी गोष्ट दुकानदाराची. त्याने नवं प्लास्टिकचं कुंड आणलं, ब्रान्दुरला न बोलावता स्वतःच नळ जोडला आणि घाईत नुसता गरम सोडून आत हँडबॉलची मॅच बघत बसला. मध्यंतराला बाहेर येऊन बघतो तर कुंडाला पापडासारखे फोड आलेले. त्यावर लोकांनी गरम-गार आपोआप मिसळणारे व्हॉल्व्ह बसवायला घेतले, तर ब्रान्दुर म्हणाला, "व्हॉल्व्ह दगा देतो, हात देत नाही." आणि त्याच्या तोंडाकडे बघून एकतीसच्या एकतीस घरांनी साधे दोन नळ ठेवले.

आणि मग हातानेच दगा दिला.

आधी बोटांची टोकं गेली. तीन वर्षांपूर्वी. ब्रान्दुरला वाटलं, थंडी. मग तळवा गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने साखर सांगितली, गोळ्या दिल्या. त्याने गोळ्या खाल्ल्या. हात काही परत आला नाही. काही दिवस तो कोपराने भागवायचा, पण गेल्या उन्हाळ्यापर्यंत कोपरही गेलं. तेव्हापासून तो घड्याळावर काम करत होता. ऑडनीकडे गरम बावीस मिनिटं, गार सतरा. पाद्र्याकडे गरम चोवीस, गार सतरा. शिवाय वाफ किती चढते ते बघायचं, काठावरचा बर्फ किती हात मागे सरतो ते बघायचं. मग हात बुडवायचा, डोळे मिटायचे. ते नुसतं लोकांसाठी.

थर्मामीटर घ्यायचा विचार मनात आला नव्हता असं नाही. पण गावात दुकान एक. ब्रान्दुरने थर्मामीटर घेतला ही बातमी त्याच्याआधी त्याच्या घरी पोहोचली असती.

हत्यारं गाडीत टाकून तो निघाला. आज शनिवार, आणि आज खरं काम मुलीकडे होतं. हेर्डिस शरद ऋतूत राजधानी सोडून गावात राहायला आली होती. नवरा बोटीवर, पोरगी चार महिन्यांची. पोरीचं नाव अजून फुटलं नव्हतं. तिकडे बारशाच्या दिवशी पाद्र्यासमोर नाव उच्चारायचं, तोवर आईबाप ओठ शिवून बसतात आणि गाव पैजा लावतं. हेर्डिसने परसात कुंड मागवलं आणि बापाला म्हणाली, तू बसवून दे, आणि पहिलं पाणी तू भर. पोरीला पहिल्यांदा तुझ्या हातच्या पाण्यात घालीन.

त्याने तीन दिवस खपून कुंड बसवलं होतं. आज भरायचं होतं.

कोपऱ्यावर वळताना लक्षात आलं, घासायचा ब्रश ऑडनीकडेच राहिला. तो परत गेला. कुंपणाच्या दारातून आत शिरला आणि तिथेच थांबला.

ऑडनी अंघोळीचा झगा घालून कुंडाशी वाकली होती. वय पंच्याहत्तर, गावच्या टपाल कचेरीत चाळीस वर्षं काढलेली, बंद पाकिटातलं पत्र ओळखणारी बाई. तिच्या एका हातात दोरी होती, दोरीला मांसात खुपसायचा थर्मामीटर बांधलेला. तो तिने पाण्यातून वर ओढला, चष्मा नाकावर सरकवून वाचला आणि दुसऱ्या हाताने गार नळ सोडला. सवयीने, न बघता.

मग तिला ब्रान्दुर दिसला. लाजली वगैरे नाही. लाजण्याचं खातं तिने केव्हाच बंद केलं होतं.

"कोकराची तंगडी भाजताना वापरते तो आहे," ती म्हणाली. "चांगला चालतो."

ब्रान्दुरने ब्रश उचलला. मग विचारलं, "किती होतं?"

"बेचाळीस."

"बेचाळीस."

"उन्हाळ्यात एकदा तीससुद्धा नसेल. मी दात वाजवत बसले होते. मला वाटलं, गेले मी आता, आणि वर सगळे विचारतायत, कशाने गेलीस, तर सांगायचं काय, गरम पाण्याच्या कुंडात गारठून."

"कधीपासून करतेस हे?"

"ऑगस्टपासून."

"आणि बाकीचे?"

ऑडनीने नळ बंद केला. खरं सांगावं की नाही याचा विचार तिने फार वेळ केला नाही. बाकीच्यांकडेही आहेत, ती म्हणाली. कुणाकडे बाळाच्या अंघोळीचा, बदकाच्या आकाराचा. कुणाकडे मासळीच्या कारखान्यातून आणलेला. दुकानदार ते मागच्या खोलीतून, कागदात गुंडाळून विकतो, जसं काही दारूच विकतोय. पाद्र्याने मात्र विश्वास ठेवला आणि नोव्हेंबरात उकडलेल्या कोळंबीसारखा लाल होऊन बाहेर पडला. त्या रविवारी नरकावरचं त्याचं प्रवचन पहिल्यांदाच गावाला पटलं. आता त्याच्याकडेही आहे.

ब्रान्दुर ऐकत होता. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. लाज, राग, काहीतरी. त्याने वाट पाहिली. काही आलं नाही. छपरावरून बर्फाचा एक थर घसरून धप्पकन खाली पडला, तेवढंच.

"मला कुणी बोललं नाही," तो म्हणाला.

"बोलून तू काय केलं असतंस? घरी बसून भिंती मोजल्या असत्यास. तुझी स्टेइनुन गेल्यापासून तुला दुसरं आहे काय?" मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "तू येतोस, कुंड घासतोस, दोन शब्द बोलतोस. पाणी काय, आम्ही बघतो आमचं."

तो दारापर्यंत गेल्यावर तिने मागून विचारलं, "आज पोरीला घालतायत ना पाण्यात?"

"हो."

"हेर्डिसला ठाऊक आहे?"

ब्रान्दुरने ब्रश काखेत मारला.

"तिला आम्ही कुणी सांगितलेलं नाही," ऑडनी म्हणाली. "ते तू सांगायचंस."

गाडीत बसून त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले. नीट धरलंय का ते बघून घेतलं, मग निघाला.

सांगायला एक वाक्य पुरे होतं. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं एक उभं होतं, आणि ते दोन वर्षं तिथेच उभं होतं.

स्टेइनुन, त्याची बायको, मार्च महिन्यात मोठ्या गावच्या इस्पितळात वारली. शेवटचे तीन दिवस बापलेक दोघं तिच्या उशाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी हेर्डिस म्हणाली, मी खालून कॉफी आणते, तू आईचा हात धरून बस, काही वाटलं तर हाक मार. तो हात धरून बसला. खिडकीबाहेर एक माणूस फावड्याने बर्फ ओढत होता, त्याच्याकडे बघत बसला. मग नर्स आली, तिने स्टेइनुनचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, अहो, हा हात गार पडलाय. बराच वेळ झालेला दिसतो.

हेर्डिस दोन कप घेऊन दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "तू हात धरून बसला होतास ना?"

तो म्हणाला, हो. पुढे काही म्हणाला नाही.

दफनाच्या वेळी देवळात रेडिएटर फार तापले होते. प्रार्थना चालू असताना ब्रान्दुर उठून तळघरात गेला आणि व्हॉल्व्ह कमी करून आला. गाव म्हणालं, दगड आहे दगड. हेर्डिसने तेही पाहिलं. त्यानंतर ती बापाशी सगळ्यावर बोलायची, हवेवर, मासळीवर, गाडीच्या टायरवर. त्या सकाळवर तेवढं बोलली नाही.

हेर्डिसचं घर गावाच्या वरच्या अंगाला. ब्रान्दुर पोहोचला तेव्हा तिने दारातच कॉफी दिली, सोबत तापलेल्या जमिनीत पुरून भाजलेल्या काळ्या पावाचे तुकडे, वर बोटभर लोणी. पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती. त्याने उभ्या उभ्याच खाल्लं. कप डोळ्यांसमोर ठेवूनच प्याला, नाहीतर कधी हातातून सुटेल कळायचं नाही.

मग तो कुंडाकडे गेला. झाकणाचे चारही पट्टे तपासले. तिथल्या वाऱ्याला झाकणं फार आवडतात. मागे एका शेतकऱ्याचं झाकण उडालं ते सात मैलांवर सापडलं, वर एक कोंबडी बसलेली, तीही त्याचीच, आणि अंड्यासकट. ब्रान्दुरने झाकण भिंतीशी नीट बांधून ठेवलं, निचऱ्याचं बूच लावलं, आधी गार पाणी बोटभर सोडलं, मग गरम. त्याचं अंग ते काम आपोआप करत होतं.

पण इथे घड्याळ कामाचं नव्हतं. पाइप नवा, उतार नवा, पाण्याचा जोर किती ते माहीत नाही. बावीस मिनिटं की तीस, सांगणार कोण? वारा वाफ काठावरूनच उडवून नेत होता, तेव्हा वाफेवरूनही अंदाज नाही. बर्फ तर त्याने स्वतःच काल फावड्याने दूर ओढलेला. कुंड भरत गेलं. भरलं. त्याने दोन्ही नळ बंद केले, बाही वर केली आणि हात घातला.

काही नाही.

तो तसाच बसला. पाणी निळसर, स्वच्छ, तळाची नवी जाळी दिसत होती. हात खाली लांब कुणा दुसऱ्याचा असावा तसा दिसत होता.

मागे दार वाजलं. हेर्डिस साबणाने अंघोळ करून, पोहायचे कपडे घालून, वर झगा पांघरून आली. साबण लावल्याशिवाय कुंडात पाय घालायचा नाही, हा तिकडचा धर्मच. पोरगी जाड पंच्यात गुंडाळलेली, नाक तेवढं बाहेर.

"बाबा, पाणी कसंय?"

बाळाला सदतीस. आकडा त्याच्या जिभेवर होता. चाळीस वर्षं आकडे आपोआप येत होते, हाही आला. आणि हेर्डिस तिथेच उभी, पंचा सोडायला लागलेली. तिने पाण्यात बोटसुद्धा घातलं नव्हतं. गावात आता ती एकटीच होती जी त्याच्या शब्दावर पाण्यात उतरली असती.

"मला माहीत नाही," ब्रान्दुर म्हणाला.

तिला वाटलं, चेष्टा. "म्हणजे काय?"

"हातांना कळत नाही. काहीच कळत नाही."

"थंडीने?"

"नाही."

ती पंचा सोडायची थांबली. "कधीपासून?"

त्याने हात पाण्याबाहेर काढला नाही. हाताकडे बघतच बोलला. "तुझी आई गेली त्याच्या आधीपासून. तिचा हात गार पडला, मला कळलं नाही. मी धरूनच होतो. शेवटपर्यंत धरून होतो, पण कळलं नाही. नर्सने सांगितलं तेव्हा कळलं."

भिंतीशी बांधलेलं झाकण वाऱ्याने ठकठक वाजत होतं. पोरगी शिंकली. हेर्डिसने पंचा पुन्हा तिच्याभोवती घट्ट केला.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मला वाटत होतं, तू मुद्दाम हाक मारली नाहीस. तुला ती एकट्यालाच हवी होती, असं. नाहीतर तुला काही वाटलंच नाही, असं. आलटून पालटून."

"हं."

"तेव्हा का नाही बोललास?"

"पाणी जोखून पोट भरणारा माणूस मी. माझ्या हाताला बायको गार पडलेली कळली नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?"

ती डोंगराकडे बघत उभी राहिली. तिचे केस ओले होते, टोकांना बर्फ धरायला लागला होता. ब्रान्दुरला वाटलं, आता ती आत जाईल. गेली असती तर त्याने कुंड रिकामं केलं असतं, हत्यारं भरली असती, घरी गेला असता. तेही जमलं असतं. आजकाल सगळंच जमत होतं.

"धर हिला," हेर्डिस म्हणाली.

त्याने हात पुसले आणि पोरीला घेतलं. ऊब काही कळली नाही, वजन तेवढं कळलं, तेही खांद्यांत. त्याने नजर आपल्या दहाही बोटांवर ठेवली. एकही ढिलं पडायला नको.

हेर्डिसने वाकून पाण्यात हात घातला आणि चटकन मागे घेतला. मनगट लाल झालं होतं.

"पोळतंय," ती म्हणाली.

ब्रान्दुरने मान हलवली. पोरीला छातीशी अजून जवळ घेतलं. "गार नळ डावीकडचा. पूर्ण सोड."

तिने सोडला. थोड्या वेळाने विचारलं, "आता किती झालं असेल?"

"ते मी कसं सांगू?"

"मग मला तरी कसं कळणार? मला कुठे आकडे येतात?"

"आकडा राहू दे. हाताने बघू नकोस, हात खोटारडा असतो, थंडीतला तर जास्तच. कोपर बुडव. दहा मोज. दहा व्हायच्या आत कोपर कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, ते विसरायला झालं, की बाळाचं पाणी झालं."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुझ्या आईने. तुझ्या वेळेला."

हेर्डिसने झग्याची बाही वर केली, कोपर बुडवलं आणि मोजायला लागली. सातावर थांबली, नाही म्हणाली. गार आणखी सोडलं. पुन्हा मोजलं. यावेळी गार झालं, म्हणून गरम थेंबभर. ब्रान्दुर सांगत गेला, ती करत गेली. हा नळ बंद कर, तो अर्धा सोड, आता पाण्याला हाताने फेरा दे, खालचं पाणी वर येऊ दे. मध्ये एकदा ती म्हणाली, इतकं कटकटीचं असतं होय हे. तो म्हणाला, असतं. पोरगी त्याच्या स्वेटरची लोकर चोखत होती.

चौथ्यांदा तिने डोळे मिटून मोजलं. नकळत तिची मान जराशी तिरकी झाली.

"विसरले," ती म्हणाली.

मग ती झगा टाकून कुंडात उतरली आणि दोन्ही हात वर केले. ब्रान्दुरने पोरीला पंच्यातून काढलं आणि हळूहळू तिच्या हातांत दिलं. पाण्याला पाय लागल्याबरोबर पोरीने डोळे मोठे केले, रडू की नको असा विचार केला, आणि मग काहीतरी ठरवून पाय झाडायला लागली.

ब्रान्दुर काठाशी गुडघ्यांवर बसून होता. दोन्ही हात काठावर, उघडे. पाण्याचे थेंब उडून त्याच्या मनगटावर, बोटांवर पडले. ते त्याला दिसले. पोरीने पुन्हा पाय झाडले, पुन्हा पडले. वाऱ्याने ते तिथेच गोठायला लागले. त्याने हात मागे घेतले नाहीत.